शेरलॉक परत आला, तरी प्रेक्षक का चिडले? ग्राहकाची तक्रार वाचायची कशी



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ग्राहकांच्या अभिप्रायाबद्दल बोललो. त्यात एक उदाहरण मी दोन वाक्यांत उरकलं होतं, ते इथे नीट सांगतो. उदाहरण दुकानाचं नाही, एका टीव्ही मालिकेचं आहे. बीबीसीची ‘शेरलॉक’. तुम्ही पाहिली नसेल तरी हरकत नाही. पाहायची असेल तर मात्र आधी पाहून या, कारण पुढे रहस्य फुटणार आहे.

१५ जानेवारी २०१२ ला या मालिकेचा ‘द रायकेनबाख फॉल’ हा भाग ब्रिटनमध्ये दाखवला गेला. शेवटी शेरलॉक लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या गच्चीवरून उडी मारतो. मित्र जॉन वॉटसन हे डोळ्यांनी बघतो. पुढे जॉन त्याच्या कबरीपाशी उभा असतो, आणि लांबून शेरलॉक त्याच्याकडे बघतोय असं आपल्याला दिसतं. म्हणजे तो जिवंत आहे! पण वाचला कसा? भाग तिथेच संपला.

उत्तर आलं १ जानेवारी २०१४ ला. मधली जवळपास दोन वर्षं लोक डोकं खाजवत बसले. कोणी म्हणे खाली कचऱ्याची गाडी होती, कोणी म्हणे पडलेला माणूस दुसराच होता. त्या रुग्णालयाबाहेरच्या लाल टेलिफोन बूथवर चाहत्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. मालिकेचे एक कर्ते स्टीव्हन मोफॅट यांनीही सांगून ठेवलं होतं की एक धागा सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय. नवा भाग जवळ आल्यावर, नोव्हेंबर २०१३ मध्ये, बीबीसीने लंडनच्या रस्त्यावरून रिकामी शववाहिका फिरवली. तिच्यावर फुलांनी भागाची तारीख लिहिली होती. काय जाहिरात आहे बघा!

त्या भागाचं नाव होतं ‘द एम्टी हर्स’, म्हणजे रिकामी शववाहिका. त्या रात्री सुमारे ९२ लाख लोकांनी तो पाहिला. नंतर रेकॉर्डिंगवर पाहणारे धरून आकडा १ कोटी २७ लाखांच्या आसपास गेला.

आणि उत्तर काय मिळालं? एक नाही, तीन मिळाली. पहिलं म्हणजे दोरीला बांधून मारलेली सिनेमातली उडी. दुसरं एका चाहतीच्या कल्पनेतलं. तिसरं खुद्द शेरलॉक सांगतो: खाली हवा भरलेली मोठी गादी, रस्त्यावरच्या बेघर मित्रांची मदत, आणि नाडी लागू नये म्हणून काखेत दाबलेला चेंडू. हे तो अँडरसन नावाच्या माणसाला सांगतो. हा अँडरसन शेरलॉकच्या सुटकेबद्दल अंदाज लढवणारा एक गटच चालवत असतो. उत्तर ऐकून तो म्हणतो, थोडी निराशा झाली. त्यावर शेरलॉक त्याला टोमणा मारतो. मग अँडरसनलाच शंका येते की शेरलॉक खरं कशाला सांगेल? आणि तो वेड्यासारखा हसत भिंतीवरचे कागद फाडतो. खरं उत्तर कोणतं, हे शेवटपर्यंत ठामपणे कळत नाही.

आता प्रेक्षकांची मतं बघा. ढोबळमानाने तीन प्रकार पडले.

पहिले खूश झालेले. जॉन हॉटेलात मेरीला लग्नाचं विचारायला बसलाय आणि शेरलॉक वेटरच्या वेशात, मिशी रंगवून समोर येतो. जॉनचा राग, मारामारी, दोघांची मैत्री, हे त्यांना मनापासून आवडलं.

दुसऱ्यांचं म्हणणं होतं की रहस्याचं सरळ उत्तर दिलं नाही. शिवाय ब्रिटिश संसदेखालच्या बॉम्बची मुख्य गोष्ट पातळ निघाली, कारण शेवटी त्या बॉम्बला बंद करायचं बटण सापडतं.

तिसरे दुखावलेले. त्यांना वाटलं, अँडरसन म्हणजे आम्हीच. आम्ही दोन वर्षं जीव लावून विचार केला आणि यांनी पडद्यावर आमची खिल्ली उडवली.

कोण बरोबर? माझं मत सांगतो. भाग मला आवडला, हॉटेलचा प्रसंग तर फारच. प्रेक्षकांचे अंदाज बघून कथा बदलायची नाही, हे कर्त्यांचं धोरणही मला पटतं. पण दोन गोष्टी चुकल्या, आणि त्याच आपल्या कामाच्या आहेत.

पहिली चूक वचनाची. लोक या मालिकेची बाजू घेताना म्हणतात की दोन वर्षांत इतके अंदाज बांधले गेले होते की कोणतंही उत्तर फिकंच वाटलं असतं. हे खरं आहे. पण उत्सुकता वाढवली कोणी? कर्त्यांनीच ना! धागा सुटलाय म्हणून सांगितलं, शववाहिका फिरवली. जाहिरात म्हणजे ग्राहकाकडून घेतलेली उधारी असते. जेवढी मोठी जाहिरात, तेवढी परतफेड मोठी.

इथे शेरलॉक होम्सचा मूळ लेखक आर्थर कॉनन डॉयल आठवतो. त्यानेही १८९३ मध्ये होम्सला धबधब्याच्या कड्यावर संपवलं होतं. वाचकांनी रागाची पत्रं पाठवली. १९०३ मध्ये त्याने होम्सला परत आणलं, तेव्हा उत्तर अगदी साधं दिलं: होम्सला कुस्तीचा एक जपानी प्रकार येत होता, त्याने हात सोडवून घेतला, मोरियार्टी एकटाच पडला. चमत्कार काही नाही. पण उत्तर होतं, आणि एकच होतं. ते गोष्टीच्या सुरुवातीलाच देऊन डॉयल पुढच्या प्रकरणाकडे वळला. ग्राहकाला नेहमी भारी उत्तर लागतं असं नाही, सरळ उत्तर लागतं.

दुसरी चूक आदराची, आणि माझ्या मते ती जास्त महागाची. जो माणूस तुमच्या मालावर दोन वर्षं विचार करतो, तो तुमचा सगळ्यात चांगला ग्राहक असतो. त्याच्यावर जगासमोर हसायचं नसतं.

तुम्ही म्हणाल, सर, त्यांचं काय बिघडलं? पुढचे भागही कोटीभर लोकांनी पाहिलेच की! बरोबर. पण बीबीसी चालते लायसन्स फीवर. २०१४ मध्ये ती वर्षाला १४५ पौंड ५० पेन्स होती. एखादा प्रेक्षक रुसला तर दुसऱ्या दिवशी गल्ला रिकामा होत नाही. तुमचं तसं नाही. तुमचा ग्राहक रुसला तर शेजारच्या दुकानात जातो, आणि जाताना सांगतही नाही. आणि शेरलॉकचंही पुढे बघा. १५ जानेवारी २०१७ चा शेवटचा भाग त्या रात्री सुमारे ५९ लाख लोकांनी पाहिला. याला कारणं बरीच असतील, सगळा दोष एका टोमण्यावर टाकणं चुकीचं होईल. पण प्रेम कायम राहतं असं गृहीत धरू नका, एवढं नक्की.

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या एका कार्यशाळेत मसाले विकणाऱ्या एक ताई उठून म्हणाल्या, ‘सर, किंमत कशी ठरवायची ते शिकवणार म्हणाला होतात, अजून आलंच नाही.’ मी हजरजबाबीपणा दाखवला. म्हणालो, ‘ताई, मसाला मुरायला वेळ लागतो.’ हॉल हसला. ताईही हसल्या. पुढच्या सत्राला आल्या नाहीत. रात्री वही उघडून बघितलं, तर किंमतीचा विषय मी खरंच राहून दिला होता. त्या दिवशी हॉलमध्ये माझा माल लक्ष देऊन तपासणारी ती एकच व्यक्ती होती, आणि मी तिचा अँडरसन केला.

म्हणून आज एक काम करा. गेल्या महिन्यात ग्राहक जे जे बोलले ते आठवून वहीत लिहा आणि तीन रकाने पाडा.

१. काय आवडलं? लोक तुमच्याकडे का येतात ते इथे कळेल. सुधारणेच्या नादात याला हात लावू नका.

२. मी कोणतं वचन मोडलं? ‘डबा साडेबाराला’ म्हणालात आणि एक वाजला, तर भाजी चांगली होती हे उत्तर नाही. इथे सबब नको, दुरुस्ती हवी. ग्राहक उपाय सुचवेल, तो ऐकाच असं नाही. पण तक्रार कुठली आहे ते नीट ऐका.

३. कोणाचा मान दुखावला? हा रकाना बहुतेक रिकामा राहील, कारण दुखावलेला माणूस बोलत नाही. तेव्हा इथे तुम्हीच आठवायचं: कोण यायचं आणि आता येत नाही? त्यांना फोन करा. माल विकायला नाही, विचारायला.

मी त्या ताईंना फोन केला होता. माफी मागितली आणि किंमतीचा हिशेब फोनवरच अर्धा तास समजावला. त्या पुन्हा कार्यशाळेला आल्या नाहीत. पण फोन ठेवताना म्हणाल्या, ‘सर, हे तेव्हाच सांगितलं असतं तर!’

तुमच्या तिसऱ्या रकान्यातलं पहिलं नाव आज संध्याकाळपर्यंत लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत.