ओल्या सरपणाचा धूर आणि गरिबाच्या चुलीचा हिशोब

पावसाळा लागला की आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यात सकाळी सातच्या सुमारास एक फेरी मारावी. पत्र्याच्या फटींतून, कौलांमधून, दारातून पांढरा जाड धूर बाहेर येताना दिसेल. आत एखादी बाई फुंकणीने चूल फुंकत असते, डोळ्यांतून पाणी वाहत असते आणि मांडीवरचं मूल खोकत असतं. गॅसची टाकी? तीही त्याच घरात असते. कोपऱ्यात, बऱ्याचदा रिकामी, वर धुतलेली भांडी पालथी घातलेली.

घरोघरी गॅस पोहोचला, आता चुलीचा विषय कशाला, असं आपल्यातले अनेकजण म्हणतात. खुद्द सरकारी आकडे काय सांगतात ते पाहू. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि आज देशात तिची दहा कोटींहून जास्त कनेक्शन आहेत. ही मोठी गोष्ट आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण केंद्र सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार २०२४-२५ मध्ये उज्ज्वलाच्या एका ग्राहकाने वर्षभरात सरासरी ४.४७ सिलिंडर भरून घेतले. म्हणजे वर्षाला सुमारे ६३ किलो गॅस. पाच-सहा माणसांच्या घरात दोन्ही वेळचा स्वयंपाक आणि अंघोळीचं पाणी एवढ्यात वर्षभर होत नाही, हे कोणत्याही आईला विचारा. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर ५० रुपयांनी महागला. उज्ज्वलाचं ३०० रुपयांचं अनुदान पूर्वी वर्षाला बारा सिलिंडरना होतं, २०२५-२६ साठी ते नऊवर आलं. राज्याची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना पात्र घरांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देते, पण त्यासाठी कनेक्शन बाईच्या नावावर हवं. आपल्या कितीतरी घरांत ते अजून सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर आहे.

मग उरलेल्या दिवसांचा स्वयंपाक कशावर होतो? सरपणावर. आमचा मुद्दा इथूनच सुरू होतो. चूल अजून काही वर्षं तरी राहणारच असेल, तर तिच्यात जाणारं लाकूड ओलं का असावं?

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. चांगलं वाळलेलं लाकूड म्हणजे ज्यात पाणी २० टक्क्यांच्या आत आहे ते. समजा आपण वखारीतून १०० किलो ओलं लाकूड वजनावर घेतलं आणि त्यात ५० किलो पाणी आहे. तेच लाकूड २० टक्क्यांपर्यंत वाळवलं, तर त्याचं वजन भरेल साडेबासष्ट किलो. म्हणजे साडेसदतीस किलो पाण्याचे पैसे आपण लाकडाच्या भावाने मोजले! बरं, नुकसान तिथेच थांबत नाही. चुलीत गेल्यावर आधी ते पाणी उडावं लागतं. त्यात आच खर्च होते, चूल थंड राहते, लाकूड धड जळत नाही आणि अर्धवट जळलेल्या लाकडाचाच धूर होतो. एका भाकरीला जास्त लाकूड, जास्त वेळ आणि जास्त खोकला.

ओलं लाकूड वाईट हे बायकांना ठाऊक नाही का? चांगलं ठाऊक आहे. ज्याच्याकडे वाडा आहे, पडवी आहे, हातात चार पैसे आहेत, तो माघ-फाल्गुनातच सरपण फोडून रचून ठेवतो. रोजंदारीवरचं कुटुंब एका खोलीत राहतं. सहा महिन्यांचं जळण ठेवायला जागा कुठे, आणि एकदम घ्यायला पैसा कुठे? ते रोजची मोळी रोज आणतं, आणि पावसाळ्यात ती ओलीच मिळते. पूर्वी रेशनच्या रॉकेलचा आधार होता, तोही गेला. आता ओली चूल पेटवायला प्लास्टिकच्या पिशव्या, तुटकी चप्पल, टायरचा तुकडा घातला जातो. हा धूर तर साध्या धुरापेक्षाही विषारी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांखालची मुलं २ लाख ३७ हजारांहून जास्त होती. मुलांचा न्यूमोनिया, बायकांचा जुनाट दमा, मोतीबिंदू, कमी वजनाची बाळं या सगळ्यांशी धुराचा संबंध आहे. विडी-सिगारेटला हात न लावलेल्या आपल्या आजी-नानी दम्याने का बेजार होतात, याचं उत्तर बऱ्याचदा चुलीशी सापडतं.

आता जिल्ह्याकडे पाहू. अकोल्याच्या पश्चिमेला पाऊस कोसळतो, तर पारनेर, कर्जत, जामखेड हा अवर्षणाचा पट्टा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि कोपीसमोर तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजतात. याच जिल्ह्याने देशाला कुऱ्हाडबंदी शिकवली. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी झाडं तोडणं आणि मोकाट चराई थांबवली, डोंगर पुन्हा हिरवे केले. हिवरे बाजारमध्ये एकच मुस्लिम कुटुंब, पण गावाने त्याच्यासाठी मशीद बांधून दिली, हे आपण अभिमानाने सांगतो. या गावांकडून आणखी एक धडा घ्यावा. त्यांनी नुसती बंदी घातली नाही, गोबरगॅसही आणला. जळणाची सोय न करता कुऱ्हाड थांबवली, तर तिची किंमत गरिबाची चूल मोजते.

सोय काय करता येईल? आमच्या मते, गावपातळीवर सुक्या सरपणाची वखार. ओढ्याकाठी, पडीक जमिनीवर वेडी बाभूळ माजली आहे. ती तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते आणि तिचं लाकूड जळायला उत्तम. ग्रामपंचायतीच्या आणि लागेल तिथे वनखात्याच्या परवानगीने ती दिवाळीनंतर तोडावी, फोडून ढलप्या कराव्यात, जमिनीपासून वीतभर उंच रचाव्यात, वरून पत्रा आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात. जूनपर्यंत लाकूड वाळतं. मग आषाढ-श्रावणात ते गरजू घरांना तोडणी-फोडणीच्या मजुरीइतक्याच दरात द्यावं. त्या मजुरीतून गावातल्या काही हातांना कामही मिळेल.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत मेन राज्यासारख्या थंड भागांत अशा ‘लाकूड बँका’ चालतात. इंग्लंडने मे २०२१ पासून किरकोळ विक्रीत ओलं लाकूड विकायलाच बंदी केली आणि २० टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली आणि तिला २००२ मध्ये अॅश्डेन पुरस्कार मिळाला. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात पाचट शेतात जाळून टाकलं जातं, यावर विचार व्हायला हवा.

यात धोकेही आहेत. वखारीच्या नावाखाली लिंब, चिंच, आंबा तुटायला लागले तर सारा खटाटोप उलटा पडेल. म्हणून कोणतं झाड चालेल ते आधी ग्रामसभेत ठरावं आणि व्यापाऱ्याला विक्री बंद असावी. दुसरं, सुक्या लाकडाने धूर कमी होतो, संपत नाही. चुलीवर धुराडं हवं, खिडकी उघडी हवी, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच ठेवू नये, त्यात जीव जातो. तिसरं, ही वखार गॅसच्या ऐवजी नाही. सरकारने गॅस परवडेल असा द्यावा ही मागणी सोडायची नाही.

आपल्या जमातीने काय करावं? हात पसरण्यापेक्षा दोरी घेऊन रानातून मोळी आणून विकणं बरं, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. कष्टाचं ते सरपण निदान सुकं तरी असावं. गावच्या मशिदीची कमिटी आणि बैतुलमाल दोन कामं सहज करू शकतात. पहिलं, गॅस कनेक्शन बाईच्या नावावर करून देण्यासाठी जुम्याच्या दिवशी कागदपत्रांची मदत. दुसरं, गावातल्या सगळ्या समाजांना सोबत घेऊन एक पत्र्याची शेड. गरजवंत घर कोणत्या धर्माचं हे तिथे विचारायचं नाही, कारण धूर भिंत ओळखत नाही, तो शेजारच्या घरातही जातो.

दिवाळीनंतर रचलेलं लाकूडच पुढच्या पावसाळ्यात सुकं मिळेल. म्हणून बैठक आत्ता घ्यावी लागेल.