गृहीतकांचा रकाना

साहित्याच्या अभ्यासकाने काय वाचावे याबद्दल आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक हे तर ओघाने आलेच; गेल्या काही दशकांत पत्रे, रोजनिश्या, जाहिराती, चित्रपटही ‘संहिता’ म्हणून या पंगतीत येऊन बसले. मात्र ज्या गद्याच्या आधारे गावे उठवली जातात, कूपनलिका खोदल्या जातात, योजना गुंडाळल्या किंवा वाढवल्या जातात, ते गद्य अद्याप आपल्या वर्गात आलेले नाही. आमचा रोख विकासप्रकल्पांच्या मूल्यमापन-अहवालांकडे आहे. जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था किंवा श्रीमंत देशांची मदतखाती यांच्या पैशातून आशिया-आफ्रिकेत जे प्रकल्प चालतात, त्यांचे पुढे काय झाले हे सांगणारे हे लेखन. ते कंटाळवाणे असते हे आम्हांस मान्य आहे. पण हा कंटाळा अपघाताने आलेला नाही. वाचकाने मध्येच थांबून प्रश्न विचारू नये, अशा बेताने ती शैली घडलेली आहे, आणि शैलीची उकल करणे हे तर आपलेच काम.

सुरुवात शब्दांपासून करू. इंग्रजीत ज्याला ‘मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन’ म्हणतात त्याला आपल्या शासकीय मराठीत ‘संनियंत्रण व मूल्यमापन’ म्हणतात. ‘मॉनिटर’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ सावध करणे, आठवण देणे असा आहे. म्हणजे मूळ शब्दात इशारा देणारा माणूस होता. मराठीत येताना त्याच्या हाती छडी आली. ‘लाभार्थी’ हा शब्द पाहा. विद्यार्थी जसा विद्येची इच्छा धरणारा, तसा हा लाभाची इच्छा धरणारा; त्याला लाभ झाला की नाही याबद्दल शब्द मौन पाळतो. उलट ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द ज्याने कोणी प्रथम वापरला असेल त्याची भाषेची जाण तीक्ष्ण म्हणायला हवी. राहूने चंद्र ग्रासावा तसा प्रकल्पाने माणूस ग्रासला, असे तो शब्द उघडपणे सांगतो. हा शब्द अनेक वर्षे सरकारी कागदांत बिनबोभाट वावरतो आहे, आणि त्यातला आरोप कोणाला ऐकू येत नाही.

या लेखनप्रकाराला एक ठरलेला सांगाडाही आहे. १९६९ मध्ये ‘यूएसएड’ या अमेरिकी मदतसंस्थेसाठी ‘लॉजिकल फ्रेमवर्क’ नावाचा तक्ता तयार करण्यात आला आणि पुढे तो जगभरच्या देणगीदारांनी उचलला. चार ओळी, चार रकाने. ओळींमध्ये साधने, त्यांतून होणारी निष्पत्ती, तिच्यातून साधणारा हेतू आणि सर्वांत वर अंतिम उद्दिष्ट; रकान्यांत त्या प्रत्येकाचे वर्णन, मोजण्याची खूण आणि पुराव्याचे साधन. हे एक कथानकच आहे. अमुक केले म्हणून तमुक झाले, अशी कार्यकारणाची साखळी त्यात आधीच लिहून ठेवलेली असते. प्रकल्प पुढे घडायचा असतो. चौथा रकाना मात्र गृहीतकांचा. पाऊस वेळेवर पडेल, सरकार बदलणार नाही, धान्याचे भाव कोसळणार नाहीत, माणसे सांगितल्याप्रमाणे वागतील: प्रकल्पाच्या ताब्यात नसलेले सगळे या रकान्यात टाकून दिले जाते. कादंबरी वाचणाऱ्या माणसाला हसू आवरणार नाही, कारण कादंबरी नेमकी याच रकान्यात राहते. (१९९१ मध्ये धनिक देशांच्या विकास-साहाय्य समितीने मूल्यमापनाचे पाच निकष ठरवले, २०१९ मध्ये ‘सुसंगती’ हा सहावा आला. रकाना मात्र शेवटचाच राहिला.)

जेम्स फर्ग्युसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९९० मध्ये ‘दि अँटी-पॉलिटिक्स मशीन’ या ग्रंथात लेसोथो या चिमुकल्या आफ्रिकी देशाबद्दलच्या अशाच लेखनाची चिरफाड केली. जागतिक बँकेच्या १९७५ च्या अहवालात हा देश आधुनिक अर्थव्यवस्थेचा वाराही न लागलेला, पारंपरिक शेतकऱ्यांचा म्हणून रंगवला होता. प्रत्यक्षात तेथील पुरुष कित्येक पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजुरीला जात होते. कथेला जे पात्र हवे होते ते अहवालाने निर्माण केले. शेतीत सुधारणा हवी तर माणूस शेतकरी असायला हवा. खाणमजूर असून कसे चालेल?

पण आम्हांला विस्ताराने सांगायचे आहे ते बांगलादेशाबद्दल. १९७० च्या दशकापासून तेथे ‘युनिसेफ’ आणि सरकारी सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभाग यांनी गावोगाव हातपंपाच्या कूपनलिका बसवल्या. पोखरांचे, म्हणजे तळ्यांचे, पाणी पिऊन मुले हगवणीने मरत होती. भूगर्भातले पाणी जंतूंपासून सुरक्षित होते. लोकांनीही स्वतःच्या पैशाने लाखो नळ्या जमिनीत उतरवल्या. १९९० च्या दशकात ग्रामीण लोकसंख्येपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोक हे पाणी पीत होते. तक्त्यातली प्रत्येक चौकट भरलेली होती. ‘सुरक्षित पाण्याची उपलब्धता’ या खुणेवर बोट ठेवून दाखवावे असे यश जगात फार थोडे असेल.

१९९३ मध्ये चापाई नवाबगंज जिल्ह्यातील पाण्यात आर्सेनिक सापडले. सीमेपलीकडे, पश्चिम बंगालमध्ये, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीसच कोलकात्यातील त्वचारोगतज्ज्ञांनी छातीवरच्या काळ्या डागांचा आणि तळहातांवरच्या खडबडीत गाठींचा संबंध याच विषाशी जोडला होता. तेच खोरे, तोच गाळ. मधे फक्त एक सीमारेषा. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापलेल्या लेखानुसार, साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना या पाण्याचा धोका होता. कोणी खोटे लिहिले होते का? नाही. जे मोजायचे ठरले होते ते प्रामाणिकपणे मोजले होते. भूगर्भातले पाणी निर्धोक असते, हे गृहीतकांच्या रकान्यात होते, आणि त्या रकान्याचे मूल्यमापन करायला कोणाला नेमले नव्हते.

या प्रकरणाला एक पुढचा अध्याय आहे, आणि वाचनव्यवहाराचा विचार करणाऱ्यांसाठी तो अधिक बोलका आहे. १९९२ मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने ब्रिटनच्या मदतखात्यासाठी मध्य व ईशान्य बांगलादेशातील भूजलाची रासायनिक तपासणी केली. अनेक मूलद्रव्ये तपासली. आर्सेनिक तपासले नाही. पुढे ते पाणी प्यालेल्या एका ग्रामस्थाने लंडनमध्ये दावा लावला. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. सारांश असा, की त्या पाणीपुरवठ्यावर सर्वेक्षण करणाऱ्यांचे काही नियंत्रण नव्हते आणि अहवाल लिहिणारे व पाणी पिणारा यांच्यात कायद्याला पुरेल इतके जवळचे नाते नव्हते. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्य असेल, आम्ही कायद्याचे जाणकार नाही. पण साहित्यविचाराच्या भाषेत त्याचा अर्थ असा होतो, की त्या अहवालाचा अभिप्रेत वाचक पाणी पिणारा माणूस नव्हताच. तो त्या संहितेचा विषय होता, श्रोता नव्हता.

त्याच देशात वेगळ्या तऱ्हेचा एक अहवालही लिहिला गेला. २००० नंतरच्या तीन-चार वर्षांत सुमारे ५० लाख कूपनलिका तपासण्यात आल्या आणि पंपाच्या तोंडावर रंग लावला गेला: विषारी असेल तर लाल, निर्धोक असेल तर हिरवा. सुमारे १४ लाख पंप लाल झाले. मूल्यमापनाचा निष्कर्ष ज्याला हवा त्याच्या हाताशी, निरक्षरालाही वाचता येईल अशा लिपीत लिहिलेला! जगातल्या सगळ्या मूल्यमापनांतले इतके नेमके वाक्य आम्हांला दुसरे ठाऊक नाही. तोही रंग उडत गेला, नव्या नळ्या तपासल्याविना उतरत राहिल्या, ही गोष्ट वेगळी.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. नर्मदेच्या खोऱ्यातून विरोध वाढत गेला तेव्हा १९९१ मध्ये बँकेने स्वतःच्या इतिहासात प्रथमच बाहेरच्या माणसांची स्वतंत्र समीक्षा-समिती नेमली. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स, उपाध्यक्ष कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्जर. सोबतच्या अभ्यासकांत ह्यू ब्रॉडी. ही नावे साहित्याच्या माणसांनी लक्षात ठेवावीत अशी आहेत. बर्जर यांनी १९७० च्या दशकात कॅनडाच्या उत्तरेतील मॅकेन्झी खोऱ्याच्या वायुवाहिनीची चौकशी केली, तेव्हा ते वस्त्यावस्त्यांत जाऊन बसले आणि लोकांच्या साक्षी त्यांच्या त्यांच्या भाषांत ऐकल्या. १९७७ चा तो सरकारी अहवाल कॅनडात लोकांनी विकत घेऊन वाचला. ब्रॉडी यांच्या ‘मॅप्स अँड ड्रीम्स’ (१९८१) या पुस्तकात एकाआड एक प्रकरणांत शिकाऱ्यांबरोबर काढलेल्या दिवसांची कहाणी येते आणि मधल्या प्रकरणांत नकाशे, आकडे व विश्लेषण. आकडे आणि कहाणी यांना एकमेकांत न मिसळता शेजारी बसवायचे, हा त्या पुस्तकाचा रूपबंध.

अशा हातांतून १९९२ च्या जूनमध्ये जो अहवाल आला त्याची सुरुवातच बँकेच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्राने होते. पत्रात ‘आम्ही’ आहे, आम्ही पाहिले, आम्हांला वाटते, आम्ही सुचवतो अशी सकर्तृक वाक्ये आहेत. ज्यांनी आयुष्यभर ‘असे निदर्शनास आले आहे’ वाचले त्यांना हा फरक किती मोठा आहे हे सांगायला नको. अहवालाने मुख्यतः शब्दांचीच झडती घेतली. प्रकल्पबाधित कोण? जलाशयात बुडणारे तेवढेच की कालव्यांत जमीन जाणारेही? अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरांत पिढ्यानपिढ्या जंगलजमीन कसणारा आदिवासी ‘शेतकरी’ की ‘अतिक्रमणदार’? पहिला शब्द लागला तर जमिनीच्या बदल्यात जमीन, दुसरा लागला तर हक्कच वादात. एका संज्ञेवर एका कुटुंबाचे शेत अवलंबून असावे, हे अर्थनिर्णयनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात न मिळणारे उदाहरण आहे. समितीने बँकेला प्रकल्पातून एक पाऊल मागे घेण्याचा सल्ला दिला.

बँकेने तो लगेच मानला नाही; त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अटी घालून मदत चालू ठेवली. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज स्वतःहून नाकारले, त्याच वर्षी बँकेला तक्रारी ऐकण्यासाठी कायमचे तपासणी मंडळ नेमावे लागले, मणिबेलीत पाणी शिरले, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये पूर्ण उंचीच्या धरणाचे उद्घाटन झाले. ‘परिणामकारकता’ या अधिकृत निकषावर मोर्स अहवालाला काय गुण द्यावेत? प्रश्न खोडसाळ आहे, पण तो विचारल्याने निकषाची लायकी कळते.

आमच्या या भूमिकेवर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. कहाण्यांनी पोट भरत नाही. आकडे नसतील तर बोलघेवडा कार्यकर्ता आणि छायाचित्रातले हसरे मूल यांच्या भरवशावर पैसा उधळला जाईल. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्यांना मिळाले त्या अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांचे काम हेच सांगते. उदयपूर जिल्ह्यातील खेड्यांत त्यांपैकी पहिल्या दोघांनी व सहकाऱ्यांनी लसीकरणाचा प्रयोग केला. जिथे काहीच जादा केले नाही तिथे ६ टक्के मुलांच्या सर्व लसी पूर्ण झाल्या. नियमित शिबिरे भरली तिथे १८ टक्के, आणि शिबिरासोबत दर खेपेस किलोभर डाळ दिली तिथे ३९. हे कोणत्याही मुलाखतीतून इतक्या स्वच्छपणे कळले नसते. आर्सेनिकही शेवटी मोजणीनेच सापडले. तेव्हा आमचे भांडण आकड्याशी नाही. काय मोजायचे हे कोणी, कोणत्या भाषेत ठरवले, हे अहवालातून पुसून टाकण्याच्या रीतीशी आहे. आणि डाळीच्या त्या प्रयोगातही ‘उरलेले ६१ टक्के का आले नाहीत’ हा प्रश्न एखाद्या कथालेखकाला सुटणार नाही.

या लेखनाशी आपला संबंध नाही असे म्हणण्याची सोयही आता राहिलेली नाही. मराठी घेऊन पदवी मिळवलेली कितीतरी मुले संस्थांमध्ये प्रश्नावल्यांचे भाषांतर करतात, पाड्यांवर जाऊन रकाने भरतात, आणि अहवालाच्या शेवटी चौकटीत छापायला ‘यशोगाथा’ लिहून देतात. यशोगाथा हा आज मराठीतला बहुधा सर्वाधिक लिहिला जाणारा कथाप्रकार असावा, आणि त्याच्यावर एकही समीक्षालेख आमच्या पाहण्यात नाही. त्यात आधीचे दैन्य, मग प्रकल्पाचे आगमन, मग ‘आता माझे जीवन बदलले’ हे पात्राच्या तोंडी घातलेले प्रमाण मराठी वाक्य. पावरी बोलणारी बाई ते वाक्य कधी बोलली असेल असे लिहिणाऱ्यालाही वाटत नाही.

हा सगळा कागद टिकाऊ आहे अशीही समजूत नको. ज्या ‘यूएसएड’साठी तो चार रकान्यांचा तक्ता जन्माला आला, तिचे संकेतस्थळ फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीस बंद झाले आणि १ जुलै २०२५ पासून तिचे काम अमेरिकी परराष्ट्र खात्यात गेले. गरीब देशांतील माता-बालकांची नोंद १९८४ पासून ठेवणारा लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणाचा कार्यक्रमही तिच्याच पैशावर चालत होता; त्याचेही काम त्या फेब्रुवारीत थांबवण्यात आले. सरकार बदलणार नाही, हे गृहीतक होते.

आपल्या विद्यापीठांत उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिकेत अहवाललेखन शिकवले जाते. स्नेहसंमेलनाचा अहवाल, वृक्षारोपणाचा अहवाल. त्यांच्या जागी एखाद्या पुनर्वसनाच्या मूल्यमापनाची चार पाने वर्गात ठेवावीत आणि एवढाच स्वाध्याय द्यावा: ‘करण्यात आले’ने संपणारे प्रत्येक वाक्य घ्या आणि त्याला कर्ता द्या. स्थलांतर करण्यात आले, जमिनीचे वाटप करण्यात आले, लाभार्थ्यांशी चर्चा करण्यात आली. पहिल्या दोन वाक्यांचे कर्ते सरकारी आदेशांत शोधून काढता येतील. तिसऱ्या वाक्यासाठी मात्र विद्यार्थ्याला एसटीने धडगावला जावे लागेल.