पेटी उघडा!

"शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे."

दोस्तांनो, या चार शब्दांपुढं आपण मान खाली घालतो. पोथीपुढं घालत नाही. मनुस्मृती आपण १९२७ साली महाडला जाळली. पण तीच पोथी पांढरा कोट घालून पेपरात आली की आपला शिकलेला पोरगासुद्धा म्हणतो, "आता सायन्सच म्हणतंय, तर असंल बाबा."

मी गोदीत माल उतरवतो. तिथं पेटीवर काय छापलंय याला कुणी भुलत नाही. पेट्या मोजतात, वजन करतात, शंका आली तर कस्टमवाला फळी उचकटून आत बघतो. मग बुद्धीच्या बाजारातली पेटी न उघडता आपण का म्हणून सही ठोकायची?

ही एक पेटी बघा. सिरिल बर्ट, इंग्लंडचा नामांकित मानसशास्त्रज्ञ, १९४६ साली 'सर' झालेला. त्याचं म्हणणं, अक्कल मुख्यतः रक्तातून येते. पुरावा? लहानपणी ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेली एकसारखी जुळी भावंडं. त्यांच्या बुद्ध्यांकात किती मेळ आहे, ते त्यानं आकड्यात मांडलं. पुरा मेळ म्हणजे १, काहीच संबंध नाही म्हणजे ०. १९५५ साली जोड्या २१, आकडा ०.७७१. १९५८ साली जोड्या तिसाच्या वर, आकडा ०.७७१. १९६६ साली जोड्या ५३, आकडा ०.७७१!

जोड्या अडीचपट झाल्या, आकडा दशांशाच्या तिसऱ्या घरातसुद्धा हलला नाही. आधी २१ पोती, मग ३०, मग ५३, आणि सरासरी वजन तिन्ही वेळा ग्रॅमपर्यंत तेच, असा हिशेब आणला तर आमचा मुकादम पोट धरून हसेल.

विद्यापीठं हसली नाहीत. १९६९ साली अमेरिकेत आर्थर जेन्सननं काळ्या आणि गोऱ्या पोरांच्या बुद्ध्यांकातल्या फरकामागं आनुवंशिकता असावी असं मांडलं, तेव्हा बर्टच्या आकड्यांचा टेकू घेतला. लिऑन कामिन यानं बर्टचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले आणि १९७४ च्या पुस्तकात त्यातली गोम उघडी केली. तोवर बर्ट मरून तीन वर्षं झाली होती. १९७६ साली लंडनच्या 'संडे टाइम्स'नं त्याच्या दोन सहकारी बायांचा शोध घेतला, तर त्यांचा पत्ताच लागेना. १९७९ साली त्याचं चरित्र लिहिणाऱ्या लेस्ली हर्नशॉनंही आकडे रचलेले असल्याचा निर्वाळा दिला. पुढं काही विद्वानांनी बर्टची वकिली केली. करोत. पण आकडे सगळ्यांसमोर होते, आणि इतकी वर्षं कुणी बघितले नाहीत, कारण ते वरच्यांच्या सोयीचे होते.

कुणी म्हणेल, नंतरच्या अभ्यासांतही आनुवंशिकतेचा वाटा दिसलाय. दिसू द्या. त्यातून दोन समाजांतला फरक रक्तातला ठरत नाही. रिचर्ड लेवॉन्टिननं १९७० साली हे बियाण्यावरून समजावलं. एकाच पोत्यातलं बी घ्या. अर्धं कसदार मातीत पेरा, अर्धं नासक्या मातीत. एका वाफ्यातली रोपं लहानमोठी होतील ती बियाण्यामुळं. पण दोन वाफ्यांतला फरक मातीचा. आमची माती कुणी नासवली, ते 'मेरिट, मेरिट' ओरडून राखीव जागांवर थुंकणाऱ्यांनी सांगावं!

हे फळी उचकटणं आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलंय. रिस्ले नावाच्या गोऱ्या साहेबानं नाकं मोजून जात आणि वंश यांचं नातं लावलं होतं. जात वरची तितकं नाक धारदार. बाबासाहेब नुसते चिडून थांबले नाहीत. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी नाकांची मापंच हातात घेतली, प्रांताप्रांतातल्या ब्राह्मणाच्या मापाशेजारी तिथल्याच अस्पृश्याचं माप ठेवलं, आणि दोघांचे वंश वेगळे हा सिद्धांत त्याच मापांनी पाडला.

आता आपल्या आवडीची पेटी. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावरचे भुलभुलय्ये सोडवायला दिले. निष्कर्ष २००४ साली आले. जात पुकारली नाही तेव्हा दोन्हीकडची पोरं बरोबरीत. सगळ्यांसमोर बापाचं नाव आणि जात पुकारली, तेव्हा 'खालच्या' जातींची पोरं मागं पडली. वाचून माझी छाती फुगली.

पण छाती फुगली की जास्तच सावध व्हायचं. एका भागातली खेडी, फक्त मुलगे, फक्त भुलभुलय्ये. दुसरीकडं, दुसऱ्यांनी करून तेच आलं का, हे इथंही विचारायचं. स्वतःच्या पेटीची फळी जो उचकटत नाही, त्याला दुसऱ्याची उचकटायचा हक्क नाही.

तेव्हा उद्या पेपर हातात आला की विचारा: किती जण मोजले? कुणी मोजले? पैसा कुणाचा? तुलना कुणाशी? दुसऱ्यानं मोजून तेच आलं का? मूळ कागद कुठाय?

उत्तर नसेल तर सही करू नका. च्यायला, हजारो वर्षं न वाचताच आपले अंगठे उठवून घेतले त्यांनी. आता आपल्याला वाचता येतं.

जय भीम.