चावट आणि ओंगळ

एखाद्या चित्रपटाने पैसा मिळविला की त्याचा दुसरा भाग काढावयाचा, ही चाल मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीत आता रूढ झाली आहे. त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. मात्र पहिल्या भागात प्रेक्षक नेमका कशाला हसला, हे काढणाऱ्याने ओळखावयास हवे. इंद्रकुमार यांचा ‘मस्ती’ (२००४) आणि त्यांचाच ‘ग्रँड मस्ती’ (२०१३) हे चित्रपट शेजारी ठेवले, म्हणजे ही ओळख कशी हुकते ते दिसते.

‘मस्ती’ काही धुतल्या तांदळासारखा नव्हे. संसाराला कंटाळलेले तीन मित्र बाहेर चैन करावयास निघतात, एवढेच त्याचे सूत्र. पण तिघेही एकाच बाईच्या जाळ्यात सापडतात, ती पैसे मागते, पुढे तिचे प्रेत समोर येते आणि अजय देवगणचा पोलीस अधिकारी पाठीस लागतो. तेथून आपण हसतो ते या तिघांच्या घाबरगुंडीला. त्यांना धडा शिकविण्यासाठीच हा बनाव रचलेला होता, हे शेवटी उघड होते. पुरुषाची लंपटता आणि त्याचा भित्रेपणा यांची ही थट्टा आहे. प्रहसनाची ही जुनी आणि निकोप रीत.

‘ग्रँड मस्ती’त विवेक ओबेरॉय, आफताब शिवदासानी आणि आपला रितेश देशमुख हे तेच तिघे आहेत, एका पत्नीच्या भूमिकेत सोनाली कुलकर्णीही आहे. बदलला आहे तो थट्टेचा रोख. महाविद्यालयाच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे जुळविली की बाईला द्यावयाची शिवी तयार होते. तीन तरुणींची नावे ओळीने उच्चारली की ओंगळ वाक्य होते. येथे स्त्री हीच विनोदाचा विषय, आणि तोही केवळ देहापुरता.

आमचा आक्षेप शृंगारावर नाही. लावणी-तमाशावर पोसलेल्या मराठी रसिकाने सोवळेपणाचा आव आणू नये. वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ किंवा दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१) यांना आपण मनमुराद हसलो आहोत. पण द्व्यर्थी विनोदाला दोन अर्थ लागतात. सरळ अर्थ बोलणाऱ्याच्या तोंडी असतो, वाकडा ऐकणाऱ्याच्या मनात. पकडला जातो तो ऐकणारा, म्हणून तो लाजून हसतो. शिवाय तमाशातल्या गवळणीत पेंद्या काही बोलला, तर मावशी त्याला सव्वाशेर उत्तर देते. ‘ग्रँड मस्ती’त सरळ अर्थ उरलेला नाही, आणि मावशीही नाही.

या चित्रपटाने देशात १०० कोटींच्या आसपास गल्ला जमविला. तेव्हा लोकांना हेच हवे, असे कोणी म्हणेल. पण २०१६ साली आलेला ‘ग्रेट ग्रँड मस्ती’ साफ पडला. तो प्रदर्शनापूर्वीच चोरून बाहेर फुटला होता, हे खरे; तरी केवळ ओंगळपणावर प्रेक्षक कायम धरून ठेवता येत नाही, असे मानावयास जागा आहे.

यावर बंदी हा उपाय नव्हे. ‘ग्रँड मस्ती’ला ‘केवळ प्रौढांसाठी’ हे प्रमाणपत्र होतेच. प्रमाणपत्र वय पाहते, अभिरुची पाहत नाही. ती पाहावयाची तर कसोटी सोपी आहे. जिच्यावर विनोद झाला, तिला त्यात उत्तर देण्यास जागा आहे काय? असेल तर तो चावट. घरच्या लेकीसुनांसह खुशाल हसावे. नसेल तर तो ओंगळ, मग त्याने कितीही कोटी मिळवोत.