बदली म्हणजे शिक्षा नव्हे

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि सारा महाराष्ट्र हादरला. ती शाळा खासगी संस्थेची होती, आरोपी तेथील सफाई कर्मचारी होता. त्याच आठवड्यात अकोला जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या सहा विद्यार्थिनींच्या तक्रारीवरून त्यांच्याच शिक्षकाला अटक झाली. बदलापूरच्या गदारोळात ही बातमी मागे पडली. आमच्या मते मात्र चळवळीने अधिक विचार करायला हवा तो या दुसऱ्या बातमीचा. कारण जिल्हा परिषदेची शाळा ही शासनाची स्वतःची शाळा आहे. तेथील शिक्षकाला नेमणारे, पगार देणारे आणि जाब विचारणारे शासनच आहे. आणि त्या शाळेत आज उरले कोण? ज्यांच्या खिशात पैसा होता त्यांनी आपली मुले इंग्रजी शाळांत नेली. मागे राहिली ती शेतमजुराची, ऊसतोड कामगाराची, पारध्याची, आदिवासीची आणि आपल्या वस्तीतली मुले. या मुलांचा बाप तक्रार घेऊन आला तर त्याला खुर्चीसुद्धा मिळत नाही, हे कोणत्याही पंचायत समितीत जाऊन पाहावे.

तक्रारीचा प्रवास ठरलेला असतो. मुख्याध्यापक म्हणतात, लेखी देऊ नका, आम्ही समज देतो. केंद्रप्रमुख म्हणतात, गावाची बदनामी होईल. गटशिक्षणाधिकारी म्हणतात, मुलीच्या लग्नाचा विचार करा. सरपंच मध्ये पडतो. शेवटी फारच ओरड झाली तर गुरुजींची दुसऱ्या शाळेवर बदली होते आणि गाव समाधानाने झोपी जाते. ही दुसरी शाळा कोणती असते? आम्ही वकिलीच्या निमित्ताने जी प्रकरणे पाहिली त्यांत ती बहुधा आडवळणाची असते, तांड्यावरची, पाड्यावरची, जिथे विचारणारे कोणी नाही. म्हणजे एका गावाच्या मुली सुटल्या आणि दुसऱ्या गावाच्या मुली तावडीत सापडल्या. यालाच प्रशासन 'कारवाई' म्हणते!

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६४ चे जिल्हा सेवा शिस्त व अपील नियम लागू आहेत. त्यांत शिक्षा कोणत्या ते स्पष्ट लिहिले आहे: ठपका ठेवणे, वेतनवाढ रोखणे, नुकसान वसूल करणे, खालच्या पदावर आणणे, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे, बडतर्फी. या यादीत बदली नाही. सर्वोच्च न्यायालयाने तर २००८ मध्येच सांगून ठेवले आहे की शिक्षेच्या ऐवजी केलेली बदली कायद्याला धरून नसते. गंमत अशी की या निकालाचा उपयोग गुरुजीच करतात. बदलीला आव्हान देतात आणि सन्मानाने मूळ जागी परततात.

निलंबन हीसुद्धा शिक्षा नव्हे. तो चौकशीपुरता दूर ठेवण्याचा उपाय आहे. निलंबित कर्मचाऱ्याला आधी अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो आणि तीन महिन्यांनंतर तो पाऊण पगारापर्यंत वाढू शकतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही. हा निकाल कर्मचाऱ्याच्या न्याय्य हक्कासाठी आहे आणि तो योग्यच आहे. पण शिक्षण विभागातील बाबूंनी त्यातून पळवाट काढली. दोषारोपपत्र मुद्दाम तयारच करायचे नाही! तीन महिने उलटले की 'चौकशीच्या अधीन राहून' पुनर्स्थापना, आणि ती चौकशी पुढे कपाटात. कोणी विचारलेच तर उत्तर तयार असते, कोर्टात केस चालू आहे, निकाल लागू द्या. हे उत्तरही खोटे आहे. फौजदारी खटला आणि विभागीय चौकशी एकाच वेळी चालू शकतात, दोन्हींच्या पुराव्याचा दर्जा वेगळा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच स्पष्ट केले आहे. घाबरलेले साक्षीदार उलटले आणि आरोपी फौजदारी खटल्यातून सुटला, तरी खात्याला स्वतःच्या पुराव्यावर निर्णय घेता येतो. तो न घेणे ही असमर्थता नाही, ती इच्छा नसण्याची गोष्ट आहे.

मिटवामिटवीचा हा रोग केवळ महाराष्ट्रात नाही. राजस्थानात गंगापूर सिटी येथे जानेवारी २०२२ मध्ये सरकारी शाळेतील शिक्षकाविरुद्ध एका अल्पवयीन दलित विद्यार्थिनीच्या विनयभंगाचा गुन्हा दाखल झाला. पॉक्सोची कलमे होती, ॲट्रॉसिटीची होती. काही दिवसांतच मुलीच्या वडिलांचे स्टॅम्प पेपरवर निवेदन आले की गैरसमजातून तक्रार झाली, पुढे काही करायचे नाही. त्या कागदावर किती दडपण होते हे सांगायला ज्योतिषी नको. तरी राजस्थान उच्च न्यायालयाने तडजोड मान्य करून गुन्हा रद्द केला. तेव्हा कुटुंबाशी नाते नसलेले साधे नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश फिरवला. असा गुन्हा खासगी वाद नाही, तो दोन पक्षांनी मिटवून संपत नाही, असे ठरले. मुलीचा बाप वाकला तरी समाज वाकू नये, यासाठी कायद्याने तिसऱ्या माणसाला दार उघडले आहे.

खबर दडवणाऱ्यांचे काय? पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आले. त्यात खबर न दिल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा जिवंत केला. बदलापुरातही संस्थाचालकांवर याच कारणासाठी गुन्हा दाखल झाला. मग 'गावाची बदनामी' सांगणारे मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख मोकळे का?

येथे चळवळीला न आवडणारी एक गोष्ट सांगणे भाग आहे. शिक्षक हा आपल्या चळवळीचा कणा आहे. विहाराची वर्गणी, जयंतीची पावती, धम्म परिषदेची खुर्ची, सगळीकडे गुरुजी आहेत. त्यामुळे आरोपी 'आपला माणूस' निघाला की काही कार्यकर्ते लगेच म्हणतात, हा मनुवाद्यांचा कट आहे. कट असतातही. आपल्या शिक्षकाला गोपनीय अहवालातून, खोट्या तक्रारीतून छळल्याची प्रकरणे आम्ही स्वतः लढतो. पण कट आहे की नाही हे चौकशीतच सिद्ध होते, सभेत नव्हे. आणि ती मुलगीही आपलीच असते. साताऱ्याच्या शाळेत भीमरावाला गोणपाटावर बसवले गेले तेव्हा त्या पोराच्या बाजूने कोणती संघटना उभी होती?

म्हणूनच तडकाफडकी न्यायाच्या मागणीला आमचा विरोध आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूरचा आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला तेव्हा पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पोलिसांनाच जबाबदार धरले गेले. ज्या समाजाची पोरे कोठडीत मरतात त्या समाजाने चकमकीचे पेढे खाऊ नयेत. नवोदय विद्यालयात मुलीची उलटतपासणी टाळण्यासाठी संक्षिप्त चौकशीवर शिक्षकाला काढता येते, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केले. मुलीची अब्रू राखण्याचा त्यामागील हेतू चांगला आहे. पण तोच अधिकार जिल्ह्यातील पुढाऱ्यांच्या दबावाखालील मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाती दिला तर पहिला बळी कोणत्या शिक्षकाचा जाईल हे आपण जाणतो. मागणी हवी ती मुदतीची. दोषारोपपत्र तीन महिन्यांच्या आत, चौकशी ठरलेल्या काळात, मुलीची साक्ष महिला अधिकाऱ्यासमोर, आणि मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्यावर स्वतंत्र कारवाई. मुलगी अनुसूचित जातीची असेल आणि कर्तव्यात मुद्दाम कसूर करणारा लोकसेवक त्या प्रवर्गाबाहेरचा असेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ त्याच्यासाठीच आहे.

तोवर हातात जे आहे ते वापरावे. गुन्ह्याची फिर्याद थेट पोलीस ठाण्यात द्यावी, शाळेच्या परवानगीची वाट पाहू नये. माहिती अधिकारात चौकशीचे कागद मागितले तर 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार येतो, २०१२ च्या एका निकालाचा त्याला आधार आहे. म्हणून दुसरा रस्ता धरावा. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांत दुर्बल घटकांना प्रतिनिधित्व द्यावे लागते. ही समिती शिक्षकाला शिक्षा करू शकत नाही, पण ठराव करू शकते. दोषारोपपत्र कोणत्या तारखेला देणार, असा एका ओळीचा ठराव करून तो प्रोसिडिंग बुकात लिहावा, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे पाठवावा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नये.