लाकूड, लाकूड काय करता?

गेल्या दिवाळीत माझ्या मामेभावाने त्याची इलेक्ट्रिक गिटार विकायला काढली. वय सतरा, गिटार साधीच, स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची. जाड तार वरच्या फ्रेट्सवर वाजवली की सूर थरथरायचा. दुकानात त्याला सांगितलं, "लाकूड हलकं आहे, यातून टोन येणार नाही." घरी त्याने त्याचा अर्थ लावला की आपल्याला कानच नाही.

मी पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून तो जेमतेम दोन मिलिमीटर खाली उतरवला. थरथर गेली. पिकअपमधली चुंबकं इतकी जवळ होती की तीच तारेला खेचत होती.

मला राग येतो तो लाकडाच्या या पोथीचा. पिकअप म्हणजे चुंबक आणि भोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकक्षेत्र बदलतं, वेढ्यांत व्होल्टेज तयार होतं. फॅरडे, बारावीचा. त्याच गिटारला नायलॉनच्या तारा लावून बघा, लाकूड कितीही उंची असो, अँपमधून जवळजवळ काहीच येणार नाही. लाकडामुळे तारेच्या कंपनात थोडा फरक पडत असेलही, पण त्याआधी ऐकू येणारे फरक कितीतरी आहेत.

पिकअपची जागाच घ्या. स्ट्रॅटचा मानेकडचा पिकअप मोकळ्या तारेच्या साधारण पाव लांबीवर बसतो. तिथे चौथा हार्मोनिक हलतच नाही, म्हणून तो पिकअपला जवळपास दिसत नाही. ब्रिजकडचा पिकअप कर्कश का, याचंही उत्तर जागेतच आहे.

आणि केबल! पिकअपचं इंडक्टन्स सव्वादोन हेन्रीच्या आसपास धरा, केबलचं कपॅसिटन्स मीटरला शंभर पिकोफॅरड. तीन मीटरच्या केबलवर रेझोनन्स साधारण साडेपाच किलोहर्ट्झला येतो, सहा मीटरवर चारला. म्हणजे केबल बदलली की टोन बदलला. पण शिसमावर जितकं प्रेमाने बोलतात तितकं केबलच्या लांबीवर कोण बोलणार? त्यात विकण्यासारखं काही नाही ना.

खरा विनोद पुढे आहे. सेथ लव्हरने गिब्सनसाठी हमबकर बनवला, 1955 मध्ये पेटंटचा अर्ज गेला. उलट वेढ्यांची, उलट चुंबकांची दोन कॉइल्स: ट्यूबलाइटची घरघर एकमेकांत वजा होते, तारेचा आवाज बेरीज होतो. सुंदर इंजिनिअरिंग. त्या काळच्या पिकअप्सवर 'पेटंट अप्लाइड फॉर'चं स्टिकर असायचं आणि आज ते लाखांच्या घरात विकले जातात. त्यांत वेढे कमी-जास्त, चुंबकंही एकसारखी नाहीत. आमच्या क्षेत्रात याला व्हेरिएशन म्हणतात. गिटारवाले आत्मा म्हणतात.

ज्याला परवडतं त्याने खुशाल घ्यावं. पण सतरा वर्षांच्या पोराला 'तुझ्या गिटारीतच खोट आहे' असं सांगण्याआधी निदान दोन स्क्रू फिरवून बघायला काय जातं?

मामेभावाने सगळं ऐकून विचारलं, "दादा, मग तू पहिल्या बोनसमधून बावीस हजारांचे पिकअप का घेतलेस?"

तेव्हा मलाही कुणी स्क्रूबद्दल सांगितलं नव्हतं.