चमत्कार कसला, हातचा बघा!

फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड हमखास येतो. १११११११११ ला त्यानेच गुणा, उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१! उलटं वाचा, सुलटं वाचा, तेच. खाली "दैवी चमत्कार, ११ जणांना पाठवा". मग नमस्कारांचा पाऊस. ग्रुपात इंजिनियर डझनभर, पण "असं का होतं" म्हणून विचारणारा एक नाही. याचा मला खरंच राग येतो.

कारण समजायला वेद लागत नाहीत राव, भिवंडीतला यंत्रमाग पुरतो. नऊ धागे उभे, नऊ आडवे. प्रत्येक धागा म्हणजे एक १. दोन धागे एकमेकांवरून जातात तिथे एक फुली, म्हणजे १ गुणिले १. एकूण फुल्या ८१. आता त्या तिरप्या ओळींनी मोजा, कारण एका तिरप्या ओळीतल्या फुल्या एकाच स्थानाच्या (एकक, दशक, शतक...). कोपऱ्यात १, मग २, ३, मधल्या ओळीत ९, आणि परत उतरत १. झालं! उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१ येते तीही म्हणूनच.

आता फॉरवर्डवाले जे कधीच करत नाहीत ते करा. दहा १ घ्या. मधल्या ओळीत फुल्या १०. हातचा आला, शेजारच्या ९ चे १० झाले, पुन्हा हातचा, ८ चे ९. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. गेला चमत्कार! सोळाच्या पायात मोजलं असतं तर तो पंधरा एकांपर्यंत टिकला असता. देवाला दहाच बोटं आहेत असं कोणी सांगितलं?

एक्सेलवर विसंबू नका हं. ते पंधराच अंक जपतं, शेवटचे दोन शून्य करून टाकतं. जावास्क्रिप्टमध्ये टाका, शेवटी २१ ऐवजी २० दिसेल. २ च्या ५३ व्या घातापलीकडे तिथल्या साध्या नंबरात विषम संख्या मावतच नाहीत.

असो. खरी चीड पुढेच आहे. या संख्यांना नाव आहे, डेम्लो संख्या. भिवंडी रोडहून दिव्याच्या गाडीत बसलात की कोपर, आणि कोपरच्या शेजारी डोंबिवली. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात ते स्टेशन डेम्लो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना ही कल्पना तिथे सुचली म्हणून हे नाव. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. आपल्याकडच्या कित्येक गणितज्ञांनी त्यांचं काम क्षुल्लक म्हणून हसण्यावारी नेलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं, तेव्हा कुठे जगभर नाव झालं. आणि आज त्याच संख्येच्या फॉरवर्डात दैव आहे, कापरेकर नाहीत.

आम्ही आयटीवाले तरी कुठले वेगळे? इंटरव्ह्यूत "पॅलिंड्रोम ओळखा" म्हणतात, पोरगा स्ट्रिंग उलटी करून जुळवतो, ऑफर लेटर हातात. डोंबिवलीहून रोज लोकलला लटकत ऑफिस गाठणाऱ्यांपैकी कितीजणांना डेम्लो माहीत आहे, एकदा विचारून बघा.